तण म्हणून उपटलेली अंबाडी

आषाढातला रविवार होता आणि मला सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी तण काढायला बसलो... आणि मोठ्या समाधानाने बसलो.

बाग सुरू करून तेव्हा दीड महिना झाला होता. बीपीची गोळी मागे लागली तेव्हा रायपूरला शिकणारी मुलगी म्हणाली होती, "बाबा, फोन ठेवा और मिट्टी में हाथ डालो. थोडं माइंडफुल व्हा." तो शब्द मला नवा होता, माती नवी नव्हती. गोंदियाकडच्या आमच्या खेड्यात शाळा सुटली की मी धानाच्या बांधीत निंदायला, म्हणजे तण काढायला, जायचो.

पण पंचवीस वर्षांत हात प्लांटचे झालेत. मी दोरी लावून वाफे आखले, टेपने अंतर मोजलं. भेंडी, वांगी, मिरची, सगळं ओळीत... आणि ओळीबाहेर जे उगवेल ते तण.

तण काढताना मी नाम घेत असे. एक तण, एक नाम. एकशे आठ झाले की उठायचं, असा माझा नेम. मन शांत व्हायचं, खरंच व्हायचं.

त्या सकाळी भेंडीच्या ओळींमध्ये खूपच उगवलं होतं. वीतभरही नसतील अशी रोपं, पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीतून अलगद निघत होती. एकशे आठ कधी झाले कळलंही नाही. ढीग घमेल्यात भरला, एक फोटो काढला, इथेच पोस्ट केला. 'आजचं ध्यान', असं वर लिहिलंसुद्धा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हात जोडले होते, आठवत असेल.

आंघोळ, पूजा करून फोन पाहिला. नागपूरच्या मेहुणीची, कांताची कमेंट होती... "भाऊजी, ही तं अंबाडी आहे. आईची तं नाही ना?"

फोन तसाच ठेवून मी मागच्या अंगणात गेलो.

माझ्या सासूबाई चैत्रात गेल्या. दरवर्षी अंबाडीचं बी धरायच्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवायच्या. यंदाची पुरचुंडी कांताने सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिली होती, कारण कांताच्या फ्लॅटला अंगण नाही. बी तेवढंच उरलं होतं. गावचं घर आता बंद आहे.

सुनंदाने ते कधी पेरलं मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून ती आईबद्दल एक शब्द बोललेली नव्हती. रडलीही नव्हती. मी फर्स्ट शिफ्टला असताना एकटीनेच जाऊन बी टाकलं असणार.

घमेलं उचललं. आता नीट बघितलं तर प्रत्येक रोपाचा देठ लालसर... लहानपणी डोळे मिटून ओळखली असती. एकशे आठ वेळा तो देठ माझ्या बोटांत आला होता. लक्ष आकड्याकडे होतं.

ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. गुपचूप घमेलं कुठेतरी रिकामं करावं, असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण कांताची कमेंट ती आज ना उद्या वाचणारच होती... आणि आत्ताच देवासमोरून उठलो होतो. घमेलं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"सुनंदा, माझ्या हातून चूक झाली."

तिने एक रोप उचललं. उलटंपालटं करून पाहिलं.

मग म्हणाली, "शेतकऱ्याचं पोरगं म्हणवता तुम्ही! दोरी लावून अंबाडी पेरते का कोणी? आई तं मूठ भरून फेकत होती, जिथं पडंल तिथं."

"मले सांगाचं तं होतं..." माझी भाषा अशा वेळी आपोआप गावाला जाते.

"काय सांगू? कसं सांगू?" आणि तिचा आवाज फुटला. तिथेच, तांदळाच्या ताटापाशी ती रडली. तीन महिन्यांचं रडली. मी शेजारी फरशीवर बसून राहिलो.

डोळे पुसून तीच आधी उठली. "बसून काय राहिले? पाणी आना. मुळं सुकून राहिली."

आम्ही दोघांनी मिळून रोपं परत लावली. ओळ नाही, दोरी नाही. ती बोटाने खड्डा करायची, मी रोप धरायचो, ती माती दाबायची. वरून सावलीला जुनी छत्री, सूप, माझा रेनकोट... मिळेल ते. त्या दिवशी मी पळतपळतच शिफ्टला पोहोचलो, नखांत माती घेऊन.

सगळी जगली नाहीत. पहिल्या आठवड्यात रोज काही ना काही माना टाकत गेली. रोज सकाळी पाणी घालायला गेलो की आधी किती उरलीत ते बघायचो आणि आत जाऊन तिला सांगायला मन धजायचं नाही. शेवटी सात टिकली. फक्त सात.

परवा त्यांना फुलं आली. फिकट पिवळी, आत गडद डाग. मी म्हटलं, "कोवळी पानं खुडून एकदा भाजी कर ना, कण्या घालून, तुझ्या आईसारखी."

"यंदा नाही," ती म्हणाली. "यंदा बी धरू."

नाम मी आता देवघरातच घेतो. बागेत फक्त बघतो. सुनंदाही येते आणि पाणी घालता घालता आईच्या गोष्टी सांगते... आई अंबाडी कशी कापायची, कोणाकोणाच्या घरी जुड्या पाठवायची, कांताला कशावरून मार बसला होता. कांते, तू त्या दिवशी विचारलंस म्हणून हे झालं. तुझे उपकार मानतो.