पोळ्याला गेलेला रंगमंच

खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जी केस आठवली की मी आजही जेवता जेवता हसतो आणि बायको "झालं सुरू" म्हणते, ती साध्या चोरीची आहे. यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. चोरीला काय गेलं होतं, तर रंगमंच.

गावात नगर परिषदेचं जुनं कला भवन होतं. पत्रे गळायचे, खुर्च्या डुगडुगायच्या, पण गावातली प्रत्येक कला तिथेच उभी राहिली होती. भीमगीतांच्या गायन पार्ट्या, पाड्यावरचे दंडारीचे नाच, बायकांचं भजनी मंडळ, शाळांची गॅदरिंगं, सगळं तिथेच. त्याच आवारात नवं सांस्कृतिक भवन बांधून होत आलं होतं आणि जुनं पाडायचं ठरलं होतं. पाडण्याआधी मालाची यादी करायला नगर परिषदेची माणसं गेली, तर रंगमंचावरच्या सागवानी फळ्या गायब. खालचे वासे तेवढे उरले होते.

पोळ्याचे दोन दिवस बांधकामावरचे मजूर सुटीवर होते आणि गेटची किल्ली एकट्या चौकीदाराकडे होती. मुख्याधिकाऱ्यांनी फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला, संशयित म्हणून चौकीदाराचं नाव आलं. हा माणूस महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. उभ्या नोकरीत भवनातला एक बल्ब त्याने इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आता जाता जाता पेन्शन अडकणार आणि गाव त्याला चोर म्हणणार, असा प्रकार होता.

मी त्याला चौकशीला बोलावलं. आल्या आल्या त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि ताठ बसला.

"फळ्या कुठे आहेत?"

"चोरी नाही झाली, साहेब."

"मग काय चालत गेल्या?"

"त्याच्यापुढचं मले इचारू नका. मी कोनाचं नाव घेनार नाही."

माझा स्वभाव तापट. मी टेबलावर हात आपटला, पेन्शनची भीती घातली. तो म्हणाला, "जाऊ द्या. म्हातारीले अन् मले भाकर लागते किती?" हे बोलताना त्याचे डोळे मात्र भरून आले. मग त्याने एकच मागणी केली. "भवन पाडाच्या आधी मले एकडाव मागच्या रांगेत बसू द्या."

ही मागच्या रांगेची भानगड मला नंतर कळली. कोणताही कार्यक्रम असो, हा चौकीदार आधी कोणाला तरी रंगमंचावर पाय आपटायला सांगायचा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. आवाज तिथवर पोचला की "आलं" म्हणायचा. त्याने "आलं" म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा शिरस्ताच पडला होता.

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तर बोलतच नव्हता. त्याला घरी पाठवलं आणि तपास दुसरीकडे वळवला. गेटासमोर एका चहावाल्याची टपरी होती. तो आमचा जुना खबरी. तो म्हणाला, "साहेब, पोळ्याच्या दिवशी भर दुपारी एक हातबंडी आलती. लाकडं भरून आत गेली अन् रिकामी भाईर आली."

"उलटं सांगून राहिला तू," मी म्हणालो. "चोराची बंडी रिकामी आत जाते आणि भरून बाहेर येते. चहात काय टाकतोस तू?"

तो बिचारा कप विसळायला लागला. आणि मी शहाणा, दोन दिवस हवालदारांना आरा मशिनी आणि भंगारवाल्यांकडे पळवत राहिलो. पार उमरखेड, ढाणकीपर्यंत माणसं हिंडून आली. फळीचा तुकडा हाती लागला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा घटनास्थळी गेलो. हवालदार वाशांवर वाकला आणि म्हणाला, "साहेब, इथं आकडे हायेत." पाहतो तर प्रत्येक फळीच्या जागी वाशावर खडूने क्रमांक टाकलेला. विकायला नेणारा फळ्या उचकटतो, फोडतो. क्रमांक टाकतो तो पुन्हा त्याच क्रमाने जोडणारा. तेव्हा कुठे मला ती उलटी बंडी आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

तीसेक पावलांवरच्या नव्या भवनात गेलो. रंगमंचाच्या जागेवर ताडपत्री पसरलेली होती. कोपरा उचलला. खाली नवे वासे, आणि त्यांवर जुन्या फळ्या, एकापुढे एक, नीट ठोकून बसवलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात ही गर्दी. दंडारीचा म्हातारा म्होरक्या, गायन पार्टीतल्या निवृत्त नर्सबाई, भजनी मंडळाच्या चारपाच जणी आणि गावचा सुतार. ठाणे अंमलदार जबाब घ्यायला बसला, तर प्रत्येकाचं एकच म्हणणं. फळ्या मीच नेल्या, एकट्यानेच नेल्या, चौकीदाराला सोडा.

"बाई, ती फळी दोघांनाही उचलत नाही," मी नर्सबाईंना म्हणालो.

"मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली, साहेब. लई काई उचललं. माझं नाव आधी लिहा."

अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याच्यावर डोळे वटारले, पण माझंही तेच चाललं होतं. शेवटी म्हाताऱ्या म्होरक्याने खरं सांगितलं. नव्या रंगमंचावर गुळगुळीत दगडी फरशी बसणार होती. "फरशीवर घुंगरू बोलत नाही, साहेब. अन् दंडार खेळनाऱ्याचे घुडघे जातात. तीनदा अर्ज देला. नकाशात नाही म्हने." पोळ्यानंतर आठवडाभरात फरशीचं काम लागणार होतं. म्हणून सुताराने आपल्या दुकानातले वासे बंडीत घालून आणले, चौकीदाराने गेट उघडलं, आणि सगळं गाव बैलांच्या मागे असताना या मंडळींनी रंगमंच हलवला.

"मला येऊन विचारायचं होतं."

"तुमाले इचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं." नर्सबाईंचं हे म्हणणं अगदी बरोबर होतं.

आता कायदा. चोरीत लबाडीचा हेतू लागतो आणि माल मालकाच्या ताब्यातून जावा लागतो. इथे माल नगर परिषदेचा, आवार नगर परिषदेचं, आणि फळ्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत. मी पंचनामा केला, नकाशा जोडला आणि गुन्हा गैरसमजुतीने दाखल झाल्याचा अहवाल, ज्याला आम्ही 'सी समरी' म्हणतो, न्यायालयात पाठवला. तो मंजूर झाला. चौकीदाराच्या नावावरचा ठपका गेला.

मुख्याधिकारी मात्र फुगून बसले होते. फळ्या काढा, फरशीच बसेल, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "साहेब, काढण्याआधी एकदा ऐकून तर घ्या."

सगळे नव्या भवनात जमलो. चौकीदार न सांगता शेवटच्या रांगेत जाऊन बसला. पाय कोणी आपटायचा, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्या बुटांकडे बघायला लागले. मी वर चढलो, सावधान झालो आणि टाच ठोकून कडक सॅल्यूट मारला. मग मागून आवाज आला, "आलं, साहेब."

मुख्याधिकारी हसले. फरशी रंगमंचाऐवजी व्हरांड्यात बसली आणि फळ्या आहेत तिथे राहिल्या.

या केसने मला शिकवलं की खबर जशी येते तशी ऐकावी, आपल्याला हवी तशी नाही. त्या चहावाल्याची मी नंतर माफीही मागितली. आणखी एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. तो सॅल्यूट आवाज तपासायला होता असं सगळ्यांना वाटलं. तो मी शेवटच्या रांगेतल्या माणसाला मारला होता. त्याला ते कळलं असावं, कारण "आलं" म्हणताना तो उभा राहिला होता.