चोवीस खांबांची टोकं

ताईला धाकटीचा हेवा वाटायचा आणि ती तो लपवायचीही नाही. का लपवेल? वडिलांच्या लाकूडकारखान्यात वीस वर्षं डांबराच्या कढईपुढे उभं राहून डोळे लाल करायचे हिनं, आणि कौतुक कुणाचं, तर बाहेर शिकून आलेल्या धाकट्या बहिणीचं! धाकटीनं आल्या आल्या लाकडाला डांबर लावणं बंद केलं. जवसाचं तेल, राळ आणि कडू पाल्याचा काढा एकत्र उकळायचा, त्यात लाकूड बुडवायचं; मग ना वाळवी, ना कुज, म्हणे.

"डोकं आहे पोरीला," वडील येईल त्याला सांगायचे. ताईचा नुसता तिळपापड व्हायचा. उकळायला ताई, ढवळायला ताई, आणि डोकं मात्र धाकटीचं!

अशात एका शाळेच्या कुंपणाचं काम आलं. चोवीस खांब. वडील म्हणाले, "धाकटे, हे तुझ्या काढ्यात बुडव. दोन वर्षांनी एक उपटून बघेन. धड निघाला तर कारखाना तुझ्या हाती. कुजला तर ताईच्या."

झालं! ताई त्या दिवसापासून वाळवीच्या बाजूची झाली.

खांब बुडवून, वाळवून झाले आणि मापात चार बोटं जास्त भरले. धाकटीनं करवत घेतली, सगळे खालून कापले आणि जेवायला निघून गेली. बाई गं! काढा मुरलेली टोकंच गेली की. आता कोरं लाकूड थेट मातीत जाणार, आणि लाकूड पाणी पितं ते टोकाकडूनच. कढईपुढे वीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळणार नाही तर कुणाला? ताई बघत होती. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. कारखाना आपलाच, असं वाटून तिला घासही गोड लागला.

पण जेवून आली तर अंगणात ते खांब ओळीनं पडलेले, पांढरीफटक टोकं तिच्याकडे करून. तिनं दोनदा पाठ फिरवली. वैर बहिणीशी होतं, लाकडानं काय घोडं मारलं होतं? शेवटी स्वतःलाच शिव्या घालत तिनं कढई तापवली आणि चोवीसच्या चोवीस टोकं बुडवून काढली. सांगितलं कुणालाच नाही.

दोन वर्षांनी वडिलांनी खांब उपटला, टोकात टोचा खुपसला. टोचा आत जाईना.

"वा गं पोरी!" म्हणत त्यांनी किल्ल्या धाकटीच्या हातात दिल्या. मग ताईकडे वळले. "शीक जरा हिच्याकडून."

ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टोकं मी बुडवली म्हणायचं, तर कापताना बघून गप्प बसले हेही सांगावं लागणार. आपल्याच हातच्या कामावरून आपलाच असा जळफळाट व्हावा!

धाकटी खांबाचं टोक निरखत होती. "ताई, हे तर मी नंतर कापले होते ना? मग टोकांना काढा लावला कुणी?"

वडील बघत होते.

"तूच लावलास की," ती म्हणाली. "विसरलीस?"

आणि धाकटीला ते लगेच आठवलंसुद्धा.