संध्याकाळी संपणारी ताकद

आमच्या ह्यांची डावी पापणी पहिल्यांदा उतरली ती दुकानात, एका गिऱ्हाईक बाईसमोर. सोलापूरच्या मार्केट यार्डात आमचं सरकी पेंडीचं दुकान आहे. बाई म्हशीसाठी पेंड न्यायला आली होती. हे तिला भाव सांगत होते आणि बोलता बोलता पापणी अर्ध्यावर आली ती तिथंच राहिली. बाईनं पदर सारखा केला आणि सरळ पुढच्या दुकानात गेली. शेजारच्या दुकानदारांना हा किस्सा बरेच दिवस पुरला. शेठजींना या वयात डोळे मारायची हौस आली म्हणून ते येता-जाता चिडवायचे. घरी येऊन यांनी स्वतःच मला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा नेहमीसारखा टक्क उघडा होता, त्यामुळे हसण्यात काही वावगं वाटलं नाही.

मग भाकरीची पाळी आली. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी लागतेच. यांना तर मऊ भाकरी म्हणजे आजाऱ्याचं अन्न वाटायचं. तो माणूस चार घास नीट चावायचा आणि पाचव्या घासाला त्याचा जबडा थांबायचा. हनुवटीखाली हात लावून ते जबडा वर ढकलायचे, घास कसाबसा गिळायचे आणि ताट सारून "साकु" म्हणायचे. आमचं घर अर्धं कानडी. साकु म्हणजे पुरे. मी कर्नाटक सीमेवरच्या दुधनीची, मला ते लहानपणापासून ठाऊक. पण पोट भरल्यावरचं साकु वेगळं असतं आणि हे वेगळं होतं. दात बघून घ्या म्हणून मी मागं लागले. दात शाबूत निघाले. मग मी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले, तर स्वतःच्या आईसमोर लहान पोरासारखं खायची त्यांना लाज वाटायची. ते उपाशीच उठायचे.

त्यानंतर आवाज गेला. म्हणजे गेला असा नाही. दिवस कलला की बोलणं नाकातून यायला लागायचं, शब्द एकमेकांत मिसळायचे. दोघा-तिघांनी मला आडून आडून विचारलं, शेठजी अलीकडे घेतात का. आमच्या घरात कुणी तपकीरसुद्धा ओढलेली नाही. पण संशय फार चिवट असतो. सासूबाईंनी एकदा विभूती लावायच्या निमित्तानं जवळ बोलावून यांच्या तोंडाचा वास घेतला. चाळिशी उलटलेल्या मुलाचा. यांच्या ते लक्षात आलं, मलाही दिसलं.

या आजाराचा दुष्टपणा हा की सकाळी तो घरात नसायचा. सकाळी हे पेंडीचं पोतं एकट्यानं उचलून टेम्पोत टाकायचे. सकाळी कडक भाकरी कराकरा चावायचे. ज्याला सकाळी पोतं उचलवतं त्याला संध्याकाळी घास चाववत नाही, यावर विश्वास कोण ठेवणार? हे स्वतःसुद्धा ठेवत नव्हते.

त्यात दसरा झाला आणि काठीचा सराव सुरू झाला. संक्रांतीच्या यात्रेत आमच्या गावात जे उंच नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठी म्हणतो. एकानं कमरेच्या पट्ट्यात तिचं बूड टेकवायचं आणि ती सरळ उभी पेलत चालायचं. आजूबाजूला चौघे-पाचजण हात द्यायला तयार. आमच्या घराकडे ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या आहे. सासऱ्यांनी काठी धरली. त्यांच्यानंतर थोरले दीर धरायचे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांची पाठ ऐन तारुण्यात दुखावली आणि काठी यांच्याकडे आली. गल्लीमागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी सराव चालतो. सरावाच्या काठीला वजन बांधलेलं असतं. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाच्या हाडात मुरलेली असते : काय वाट्टेल ते होवो, काठी भुईला टेकता कामा नये. सरावाचीसुद्धा.

सराव अण्णा घ्यायचे. यांचा पाय अडखळायला लागलेला त्यांनी पाहिला आणि निदान करून टाकलं की दुकानात बसून बसून अंगात आळस मुरलाय. त्यावर औषध एकच, काठी. त्यांनी यांच्या फेऱ्या वाढवल्या. वजनही वाढवलं. हे फेरी मारताना डगमगायचे, मग कट्ट्यावर थोडं बसायचे, आणि खरंच ताकद परत यायची. उठून पुन्हा काठी धरायचे. अण्णांना याहून मोठा पुरावा नको होता. बसलं की येतंय म्हणजे अंगात हाय, मनात न्हाय, असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. आमच्या घरात अशक्तपणावर मेहनतीखेरीज दुसरा उपाय कुणी ऐकलेलाच नव्हता. हे रोज थोडे जास्त दमून घरी यायचे आणि रोज थोडं कमी खायचे. मला अण्णांचा राग यायचा. पण आजाराला आळसाखेरीज दुसरं काय नाव द्यायचं, ते मलाही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं की त्यांना दोन काठ्या दिसतात. एक हातात असते आणि एक तिच्या शेजारी. कुठली खरी ते कळत नाही. मी हातातलं लाटणं तसंच टाकलं आणि यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी यांना वर बघायला सांगितलं आणि एकटक बघत राहायला सांगितलं. पापणी हळूहळू खाली आली. मग त्यांनी फ्रीजमधला बर्फ मागवला, रबरी हातमोज्यात भरला आणि मिटलेल्या पापणीवर धरला. थोड्या वेळानं काढला तर पापणी वर! मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. एवढ्याशा बर्फानं बरं होणारं दुखणं, आणि आम्ही उगाच जीव टांगणीला लावला. पण बाईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि नसांच्या डॉक्टरांकडे उद्याच जा म्हणून सांगितलं.

तिथं आम्हाला आजाराचं नाव कळलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस. मी शाळेत मराठी शिकवते, शरीरशास्त्राशी माझा संबंध नाही, म्हणून डॉक्टरांना म्हटलं की मला समजेल असं सांगा. त्यांनी सांगितलं. मज्जातंतू स्नायूला निरोप पाठवतात, उचल, चाव, बघ. स्नायूवर तो निरोप घेण्याच्या जागा असतात. आपली प्रतिकारशक्ती, जिनं बाहेरच्या जंतूंना मारायचं, ती या जागांनाच शत्रू समजते आणि त्या बंद पाडते. नस धड असते, स्नायू धड असतो, मधला निरोप अडतो. विश्रांती घेतली की थोडे निरोप पोचतात. काम केलं की तेही पोचेनासे होतात. मार्केट यार्डाच्या रखवालदारानं चोर सोडून आपल्याच हमालांना फाटकावर अडवावं, तसं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे आलं. असं का होतं, मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, ते म्हणाले. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, तिचा कधी कधी हात असतो, तिचा फोटो काढू.

मग ते यांच्याकडे वळले आणि म्हणाले की पापणी, जबडा आणि श्वास, तिन्ही स्नायूंवरच चालतात. आज पापणी आहे. अंगाला फार ताण दिला, साधी सर्दी जरी अंगावर काढली, तरी उद्या श्वास असू शकतो.

एक गोळी निरोप पोचवण्यासाठी, ठरल्या वेळी घ्यायची. दुसरी प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी. ती चालू असताना सर्दी-तापाच्या माणसांपासून लांब राहायचं. मला भयंकर राग आला. कुणावर ते कळेना. परक्यानं मारलं तर निदान कुणाच्या दारात जाऊन भांडता तरी येतं.

काठी बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, सकाळच्या वेळी धरली तर? डॉक्टर नाही म्हणाले.

घरात कुणाच्याच गळी हे उतरलं नाही. गोळी घेतल्यावर घटकाभरात यांचा आवाज मोकळा व्हायचा, डोळा उघडायचा. एका गोळीत जातंय त्याला आजार कसं म्हणायचं, अण्णा विचारायचे. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, भीती होती. आमच्या घरातून यांच्याखेरीज काठी धरणारं कुणी उरलं नव्हतं. आम्हाला एकच मुलगी, ती पुण्याला नोकरीत. यांनी काठी सोडली की सेवा चुलत घराकडे जाणार, आणि गेलेली सेवा परत येत नाही. मुलगी फोनवर रडून सांगायची की बाबा, जाऊ दे ना ती काठी. हे "बघू" म्हणायचे. मी मात्र त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. सरावाला जायचं, पण नुसतं बसायचं. आणि मी त्यांच्यावर विश्वास टाकून घरी थांबले नाही. गोळ्या आणि स्वेटर घेऊन मीही रोज पुरुषांच्या त्या मैदानात कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. गल्लीतल्या बायका नवऱ्याची राखण म्हणून हसायच्या. हसू देत, म्हटलं.

संक्रांत जवळ आली तेव्हा यांना सर्दी झाली. दुकानात कुणाला लांब ठेवणार? डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सकाळी घेऊन या म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी सरावाला जाऊ नका म्हणाले, तर हे काही न बोलता चपला घालून निघाले. बोलण्याइतका आवाजच उरला नव्हता. कट्ट्यावर बसल्यावरही ते हनुवटीला हात लावून होते. अलीकडे दिवस मावळताना त्यांची मान राहत नसे, पुढं कलायची.

काठी फिरत फिरत आमच्या कट्ट्यापाशी आली. अण्णा यांच्यासमोर वाकले.

"एक फेरी मारतोस काय? हात लावल्यागत नुसतं."

यांनी हनुवटीखालचा हात काढला आणि मान खाली झुकली. मला वाटलं, पडली. अण्णांना वाटलं, होकार. मी "अण्णा, नको" म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, पण तोवर दोघांनी यांना उठवून पट्टा बांधायला घेतला होता आणि हे उभे राहिले होते. हात झटकून टाकायची ताकद त्यांच्यात होती की नव्हती, हे मी त्यानंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलं.

काठी कमरेत बसली आणि यांची पाठ ताठ झाली. मला सांगायलाच हवं, ते सुंदर दिसत होते. थोडं अंतर गेले. मग वरचं टोक हलायला लागलं, नंतर गुडघे. आणि सगळे हात पुढं झाले. जितके हात तिथं होते, तितके सगळे काठीला गेले. त्यात कुणाचा निर्दयपणा नव्हता; त्यांच्या बापजाद्यांनी त्यांना तेच शिकवलं होतं, नजर टोकावर आणि हात काठीवर. काठी जागच्या जागी सरळ उभी राहिली. हे तिच्या बुडाशी कुशीवर पडले, गाल मातीत.

मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती. ओरडून सांगायला आवाज नव्हता. मी ओरडले. अण्णांनी काठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि धावत येऊन यांचे पाय उचलले. पेंडीच्या टेम्पोत मागं यांना निजवून आम्ही दवाखाना गाठला. वाटेत यांचे ओठ निळे पडत गेले ते मी पाहिलं, आणि ते मला या जन्मी विसरता येणार नाही.

नळी घातली, मशीन श्वास घ्यायला लागलं. निरोपाच्या जागा बंद पाडणारं द्रव्य रक्तातून काढून टाकायचे उपचार सुरू झाले. मी बाहेर बाकावर. अण्णा रोज यायचे आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एकदाच बोलले, तुम्ही त्यांना मारायला निघाला होतात म्हणून. त्यांनी खाली बघत एवढंच म्हटलं, "त्यानं मान हलवली गं. व्हय म्हणला त्यो."

मी म्हटलं, ती मान पडली होती, अण्णा. आजार होता तो. तुम्हाला आजार आणि होकार यातला फरक कळला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांच्यावरच्या रागाचा फार आधार होता.

नळी निघाली त्या सकाळी मला आत बोलावलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जीव वाचला, पण काठीचं आता कधीच मनात आणू नका. ते मी इतक्यात सांगणार नव्हते. यांचा आवाज अगदी बारीक होता. मी कान जवळ नेला. पाणी मागतील, मुलीचं विचारतील असं वाटलं.

"टेकली का?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"नाही," मी म्हणाले. "नाही टेकली."

ते हसले. या आजारात ओठांचे कोपरे वर जात नाहीत, हसू रडल्यासारखं दिसतं. पण ते हसले होते, मला त्यांचं हसू ओळखता येतं. डोळे मिटून समाधानानं पडून राहिले. त्यांना कुणी उचललं, मी कशी आहे, काही विचारलं नाही. आणि त्या संध्याकाळी ती मान पडली नव्हती, हे मला तिथं त्या पलंगाशी उभं राहून कळलं.

बाहेर अण्णा बाकावरून उठून उभे राहिले होते. मी त्यांना बसायला सांगितलं आणि शेजारी बसले.

"अण्णा, त्यांनी व्हयच म्हटलं होतं," मी म्हणाले.

इतके दिवस हेच सांगत आलेला तो माणूस ते ऐकून सावरेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"त्यो व्हयच म्हणणार हुता," अण्णा म्हणाले. "म्या इचारायलाच नको हुतं."