आमच्या वार्ताहराकडून

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला माझ्या बनियनची भोकंसुद्धा पाठ आहेत, पण हे तिलाही ठाऊक नाही. कितीदा ओठांवर आलं आणि चहाच्या घोटाबरोबर मी ते परत गिळलं. आता तुम्ही समोर आहात – म्हणजे खरं तर नाही आहात, म्हणूनच बहुधा – तर सांगून टाकतो. जरा अडखळत सांगेन.

आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण निम्मं पाप त्यातच आहे. उमरग्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, नाव दिलीप. गेल्या वर्षी निवृत्त झालो. पोरं माझ्या पाठीमागं मला ‘संदर्भ सर’ म्हणायची. कुणी म्हणालं आज ऊन फार आहे, तर मी विचारणार, कशावरून? थट्टाच ती, पण मला आतून बरी वाटायची. इंटरनेटवरच्या एका खुल्या ज्ञानकोशात, जिथं कुणीही लेख लिहावा आणि कुणीही तो दुरुस्त करावा, मी बरीच वर्षं मराठी लेख लिहीत आलोय. खऱ्या नावानं नाही, टोपणनावानं. धाराशिवला एक कार्यशाळा झाली होती, तिथं शिकलो. तिथला एक नियम मला पहिल्याच दिवशी आवडला : लिहाल त्याला छापील पुरावा द्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही. पुरावा नसेल त्या वाक्यापुढं दोन शब्द चिकटवायचे – ‘संदर्भ हवा’. थोडे दिवस वाट पाहायची आणि वाक्य काढून टाकायचं. किती वाक्यं काढली असतील मी? मोजली नाहीत. न्यायाधीशाच्या थाटात बसून काढली, एवढं आठवतं.

या ज्ञानकोशात आमच्या तालुक्यातल्या बौद्ध युवक परिषदेवर एक लेख आहे. दर काही वर्षांनी भरते ती. आता मोठी झालीय, लातूर-सोलापूरकडूनही मुलं येतात. तो लेख मीच सुरू केला. त्यात पहिल्या परिषदेबद्दल दोन वाक्यं आहेत. उद्घाटन औरंगाबादच्या एका प्राध्यापकांच्या हस्ते झालं, आणि प्रास्ताविक दिलीप अमुक यांनी केलं. खाली संदर्भ क्रमांक एक : जिल्ह्यातल्या एका दैनिकातली बातमी, तारीख, पान, रकाना. सगळं नियमाप्रमाणं, काना-मात्रा चुकलेली नाही.

दोन्ही वाक्यं खोटी आहेत.

कशी, ते सांगतो. सदतीस-अडतीस वर्षं झाली त्याला. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि त्या दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. फोनवर बातमी घेत नसत. कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, वर ‘तातडीची बातमी’ असं लाल शाईनं लिहून दुपारच्या बाराच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. धाराशिवच्या स्टँडवर – तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो – ऑफिसचा माणूस ते उतरवून घ्यायचा. आता आमच्याकडचा कार्यक्रम अकराचा म्हणजे दोनचा, आणि एसटी कुणासाठी थांबत नाही. मग आम्ही सगळे वार्ताहर काय करायचो? निमंत्रण पत्रिका समोर ठेवून बातमी आधीच लिहायचो. ‘होणार आहे’च्या जागी ‘झाले’ घातलं की काम झालं. शेवटी ‘युवकांची मोठी उपस्थिती होती’. उपस्थिती कधी नसायची?

त्या दिवशीही तसंच केलं. पाकीट बाराच्या गाडीनं गेलं. दीड वाजला, दोन वाजले. पाहुणे औरंगाबादहून निघालेच नाहीत, असा निरोप आला. मंडपात पोरं-पोरी दाटून बसलेली. मुरूम, गुंजोटी, तुरोरी, कुठून कुठून आलेली. त्यांना आणलं होतं प्रमिलाताईंनी. ताई बालवाडीत शिकवायच्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. दोन महिने त्या वस्तीवस्तीवर चालत गेल्या होत्या, पोरींच्या आयांच्या चुलीपाशी बसून म्हणाल्या होत्या, एक दिवस पाठवा, मी परत आणून सोडते. परिषद ही कल्पनाच त्यांची. पत्रिकेत मात्र त्यांचं नाव ‘व्यवस्था’ या शब्दाच्या पुढं, सगळ्यात खाली.

पाहुणे नाहीत म्हटल्यावर समितीतली मोठी माणसं एकमेकांकडं पाहू लागली. प्रास्ताविक माझं होतं. चार पानं लिहून आणली होती, पाठही केली होती. मंचाच्या दुसऱ्या पायरीवर माझे पाय जे थांबले ते थांबलेच. पोटात दुखतंय म्हणालो. दुखत नव्हतं, भीती वाटत होती. ताईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “दे हिकडं.” माझी पानं घेतली, चपला काढल्या, वर गेल्या. बुद्ध आणि बाबासाहेब, दोन्ही प्रतिमांपुढं मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. मग त्रिसरण-पंचशील. त्या पुढं म्हणायच्या, आम्ही मागून. ‘मुसावादा वेरमणी’ म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील, तेही मी पायरीवर उभं राहून मोठ्यानं म्हटलं – आणि माझं पाकीट तोवर तुळजापूरच्या पुढं गेलं असेल.

माझ्या पानांतलं पहिलं त्यांनी वाचलं. उरलेली घडी करून पिशवीत ठेवली आणि स्वतःचं बोलल्या. वीस-पंचवीस मिनिटं, कागदाशिवाय. पोरींना म्हणाल्या, आज मला तुमच्या घरी येऊन तुम्हाला मागून आणावं लागलं, पुढच्या खेपेला तुम्ही दुसरीला मागायला जा. साधंच बोलणं, पण मला अजून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. ‘आमच्या वार्ताहराकडून’ – बातमीवर नाव नसायचं, एवढंच असायचं. त्याखाली प्राध्यापकांनी उद्घाटन केलेलं, मी प्रास्ताविक केलेलं. एक खुलासा पाठवला असता तर चार ओळींत भागलं असतं, त्याच बाराच्या गाडीनं. पण माझ्या वडलांनी पाच अंक घेतले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. हॉटेलात बसून दुसऱ्याकडून ती ओळ वाचून घ्यायचे आणि माझ्या नावाशी आले की हात वर करून त्याला थांबवायचे. मला ते बघवत नव्हतं आणि बघत राहावंसंही वाटत होतं. खुलासा मी पाठवला नाही. ताई भेटल्या तेव्हा हसल्या. म्हणाल्या, “पेपरात चुकलं तर चुकू दे. आपल्याला ठाऊक हाय की.”

आपल्याला ठाऊक आहे. ते ‘आपण’ म्हणजे मंडपातली माणसं होती, आणि इतक्या वर्षांत ती पांगली. कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी गेलंच. जाणणारे कमी होत गेले तशी माझी मूठ झाकलेलीच राहिली. वडील गेल्यावर तरी उघडायला काय हरकत होती? नाही उघडली. उलट लेख लिहायला बसलो तेव्हा ग्रंथालयातल्या जुन्या अंकांच्या बांधीव फाईलमधून तीच बातमी काढली आणि संदर्भ क्रमांक एक म्हणून लावली. लाज वाटली का? नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांपूर्वीचं खोटं आता रीतसर झालं. मी पाहिलेलं तिथं चालणार नव्हतं, आणि मी न पाहता लिहिलेलं चालणार होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे तुम्हाला सांगितलंच नसतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना कुणीतरी त्या लेखात फेरफार केला. ‘पहिल्या परिषदेचं उद्घाटन आणि प्रास्ताविक प्रमिलाताईंनी केलं.’ मी वाक्य पाहिलं. खरं होतं. त्यापुढं ‘संदर्भ हवा’ लावलं. पलीकडच्या मुलीचं चर्चेच्या पानावर उत्तर आलं की त्या माझ्या मावशी आहेत, उमरग्यात कुणालाही विचारा. मी लिहिलं, कुणालाही विचारून ज्ञानकोश चालत नाही, प्रकाशित संदर्भ द्यावा. मग तिनं एक फोटो चढवला. मंचावर माइकपुढं ताई, हातात कागद. खाली पायरीवर पाठमोरा एक पोरगा, चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट मी ओळखला, माझा एकुलता एक चांगला शर्ट होता. मी लिहिलं, फोटोवर तारीख नाही, कार्यक्रम कोणता हे सिद्ध होत नाही. आणि तिचं वाक्य काढून टाकलं. शेताला घातलेलं कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण मी.

पंधरा दिवसांनी ती मुलगी ग्रंथालयात माझ्यासमोर उभी. तेजस्विनी, सोलापूरला नर्सिंग शिकणारी. तिला काय माहीत की पलीकडचा माणूस मीच! माझ्याकडं ती मदत मागायला आली होती. जुने पेपर तुमच्याकडंच असतात, असं मावशीनं सांगितलं म्हणाली. “सर, तिथं एक माणूस लई त्रास देतोय. कुठला पुण्या-मुंबईचा असंल, त्याला उमरगा कुठं हे बी म्हाईत नसंल.” परिषदेचं पुढचं अधिवेशन जवळ आलं होतं. समितीचे लोक स्मरणिकेसाठी त्या लेखावरूनच माहिती उचलणार होते, आणि पहिल्या परिषदेतल्या मंडळींचा सत्कारही त्यावरूनच ठरणार होता. मावशीचे गुडघे गेलेत, पुढच्या खेपेला ती येईल न येईल, असं ती सांगत होती. तिला पेपरात एक ओळ हवी होती, बस्स.

मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मी उठलो, फाईल काढली, पान उघडून तिच्यापुढं ठेवलं.

तिनं बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. तो प्रास्ताविकवाला दिलीप मीच, हे तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडं मोठ्या आदरानं बघायला लागली – ती नजर मला अजून सोडत नाही. मग हळूच म्हणाली, “म्हंजे मावशीला चुकीचं आठवतंय का, सर?”

त्या क्षणी नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प राहणं हेही खोटंच, पण लहान. मी गप्प बसलो नाही. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, “वय झालं की होतं असं.”

हेच ते. बातमी लिहिली तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो, सगळे करायचे तसं केलं. हे वाक्य बोललो तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि पूर्ण शुद्धीत होतो. एका बाईची आठवण मी तिच्या भाचीसमोर खोटी ठरवली, तीही मायेच्या सुरात. मुलीनं मान हलवली, आभार मानले. त्यानंतर त्या लेखाला तिनं कधी बोट लावलं नाही.

अधिवेशन या हिवाळ्यात झालं. सत्काराच्या यादीत प्राध्यापकांचं नाव होतं, मरणोत्तर. दुसरं माझं. शाल घेतली मी. ताई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, खुर्चीत, काठी टेकून बसल्या होत्या. जयभीम करायला गेलो तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. पूर्वीसारख्या हसल्या नाहीत. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “दिलीप, तू व्हतास न्हवं तिथं? म्याच बोलले व्हते ना रं? का म्या दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाचं धरून बसलेय?”

विचारत होत्या हो. भांडत नव्हत्या, टोमणा नव्हता. ज्या बाईनं माझ्या हातातली पानं घेतली होती, ती मला विचारत होती की तसं झालं होतं का. आता तिथं हे सांगू शकणारा बहुतेक मी एकटाच उरलो होतो, आणि त्यांनी बरोबर माझ्याचकडं संदर्भ मागितला.

मी म्हणालो, “लई वर्षं झाली, ताई. मलाबी नीट आठवत न्हाय.”

“आसंल बाबा,” त्या म्हणाल्या. “पेपरात आलंय म्हंजे तसंच आसंल.” आणि माझा हात सोडला.

एवढ्यात मंचावरून कुणीतरी त्यांना हाक मारली. पंचशील द्यायला जुनं माणूस हवं होतं, आणि ते त्यांच्याइतकं स्पष्ट कुणाचं नाही. दोन मुलींनी धरून त्यांना मंचावर नेलं. त्याच पायऱ्या नव्हेत, पण पायऱ्याच. सगळे उठून उभे राहिले, हात जोडले. ताईंचा आवाज पातळ झालाय, पण उच्चार तसेच. एकेक शील त्या म्हणायच्या आणि मंडप मागून म्हणेपर्यंत थांबायच्या.

चौथं आलं. मुसावादा वेरमणी. त्या थांबल्या.

मी म्हटलं. खांद्यावर शाल होती, हात जोडलेले होते. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं आणि शुद्ध म्हटलं.