वांद्र्याच्या फ्रेंच हॉटेलातलं माझं न झालेलं जेवण

वांद्र्याला एका फ्रेंच साहेबानं समुद्राकाठी जेवणाचं हॉटेल काढलंय, ही बातमी आमच्या कल्याणात आणली नानासाहेबांनी. नानासाहेब म्हणजे ह्यांचे ठाण्याच्या कोर्टातले स्नेही. दोघेही वकील, दोघेही सुधारक. हे मला म्हणाले, "तिथं नवरा-बायको एका टेबलाशी, एकाच वेळी जेवतात. आपणही जेवू."

लग्न झाल्यापासून मी ह्यांचं आटोपल्यावर, ह्यांच्याच पानावर जेवत आलेय. तोवर भात गार होतो. ह्यांच्या शेजारी बसून गरम घास खायचा, एवढ्यासाठी मी निघाले. समुद्राची मला हौस नव्हती. सासूबाईंना समुद्र बघायला जातो एवढंच सांगितलं. साहेबाच्या घरचं खाल्लेलं त्यांना कळतं, तर चुलीपाशी पाऊल ठेवू दिलं नसतं.

कुणाला जायचं असेल तर कल्याणहून सकाळची गाडी धरावी. मुंब्र्याच्या बोगद्यात धूर आत येतो, खिडकी आधीच लावून घ्यावी. ठाण्याला नानासाहेब आमच्या डब्यात चढले. दादरला उतरून गाडी बदलावी लागते. वांद्र्याला घोडागाडीचं भाडं बसण्यापूर्वी ठरवावं. आमच्या दोन्ही वकिलांनी ठरवलं नाही आणि स्वतःला लुबाडून घेतलं.

हॉटेल देखणं आहे. भिंतभर आरसे, संगमरवरी टेबलं, माडांमधून दिसणारं पाणी. शेजारच्या टेबलाशी एक पारशीण नवऱ्याशी हसत हसत जेवत होती. आमच्यासाठी बिनमांसाचं सांगून ठेवलेलं. आधी वाटाण्याचं सार आलं, वाफाळतं. ह्यांनी "घे" म्हणावं म्हणून मी थांबले. हे स्त्रियांच्या उन्नतीवर बोलत होते. बोलता बोलता ह्यांचं सार संपलं, नानासाहेबांचंही संपलं, आणि बटलरनं तिन्ही बशा उचलल्या. माझी भरलेली होती.

मग लोण्यातले बटाटे आले. तेही तसेच गेले. फरसबी आली तेव्हा मी हळूच "अहो" म्हटलं. ह्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं, कारण वाक्य अर्धं राहिलं होतं. तुम्ही म्हणाल, आपली आपण सुरुवात करायची. का करायची? ज्यांच्या घरानं मला थांबायला शिकवलं, त्यांनी एक शब्द तर टाकायचा होता.

शेवटी बटलरनंच विचारलं, "बाईंना आवडलं नाही काय?"

"तिला भूक नाहीये," हे म्हणाले. "लाजते जरा."

मला तिथं इतका राग आला की कानशिलं तापली. पुढ्यातली दुधाची खीर मी स्वतःच्या हातानं परत केली.

परतीच्या गाडीत नानासाहेब ठाण्याला उतरले. ते गेल्यावर ह्यांनी आवाज खाली आणला. "आईनं विचारलं तर सांग, आपण नुसता समुद्र पाहिला." सबंध दुपार उन्नती केलेला माणूस आता आईला घाबरत होता, आणि खोटं मी बोलायचं होतं.

घरी पाय धुताना सासूबाईंनी विचारलंच, "काही खाल्लंत का रे तिथं?"

"छे, विचार हिला," हे म्हणाले.

"मी पाणीसुद्धा प्यायले नाही," मी म्हटलं. "ह्यांनी मात्र साहेबाच्या टेबलाशी पोटभर खाल्लं."

सासूबाईंनी ह्यांना ओटीवर बसवलं, उद्या भटजींना बोलावून प्रायश्चित्त घेतल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून बजावलं, आणि मला म्हणाल्या, "तू सोवळं नेस आणि भात टाक."

भात झाल्यावर मी सवयीनं बाजूला उभी राहिले. त्यांनी दोन पानं शेजारी शेजारी मांडली. "बैस. आज कुणासाठी थांबायचंय?"

बाहेरून ह्यांनी विचारलं, "माझ्या जेवणाचं काय?"

आम्ही दोघींनी जेवायला सुरुवात केली होती. भात इतका गरम होता की बोटं पोळत होती. ज्या माणसाबरोबर तो खायचा म्हणून मी वांद्र्यापर्यंत गेले, तो दाराबाहेर होता, आणि मला त्याची जराही दया आली नाही.