दत्तूनानांच्या रानातली टेकडी

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका. माझ्या हातून एक अख्खी टेकडी हरवलीय.

मी शिवाजी पेठेत वाढलेला माणूस. उसाशी माझा संबंध रसाच्या ग्लासापुरता. ऑफिस शाहूपुरीत, काम पाण्याचे नकाशे काढण्याचं. ड्रोननं जमिनीचा चढउतार मोजायचा, ते आकडे कम्प्युटरला द्यायचे, आणि पाणी कुठून कुठं वाहील ते तो निळ्या रेघांनी दाखवतो. पंचगंगेच्या पाणलोटातली गावं अशी एकेक करत होतो.

त्यात कुरुंदवाडजवळचं एक गाव आलं. तिथं पुरात जनावरं बांधायला शेड उभारायची होती आणि जागा माझ्या नकाशावरून ठरणार होती. चेष्टेचं काम नव्हे! मागच्या पुरात तिथल्या दत्तूनानांनी दोन म्हशी गळ्याएवढ्या पाण्यातून ओढून काढल्या होत्या.

दिवाळीत ड्रोन उडवला. नकाशा निघाला आणि बघतो तर काय, नदीकाठाला चक्क टेकडी! माथा सपाट, कडा ताठ, आणि निळ्या रेघा तिला वळसा घालून जाणाऱ्या. मी तर त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

माघात ग्रामसभा भरली. मी नकाशा भिंतीवर लावला आणि टेकडीवर बोट ठेवलं. "शेड इथं."

दत्तूनाना उठले. "पावणं, ते माजं रान हाय. तिथं कुठली टेकडी?"

"आहे की, नाना!"

"साठ वर्सं राबतोय तिथं. चढ कवा लागला न्हाय."

"रोजच्या सवयीनं चढ जाणवत नाही. त्याला वरून बघावं लागतं."

हे मी कुणाला सांगतोय? साठ वर्षं त्या मातीत पाय घातलेल्या माणसाला! आणि तेही हसत हसत.

सरपंचबाई म्हणाल्या, "नाना, कम्प्युटर खोटं कशापायी बोलंल?" सभेनं माना डोलावल्या. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला पेनाचं टोपण काढलं.

नानांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "लिवा की. पर आदी टेकडी बघून येऊ."

अर्धं गाव निघालं. पुढं मी, हातात मोबाईल, त्यावर टेकडीचा ठिपका. चालत चालत ठिपक्यावर पोचलो. समोर काय? तळहातासारखं सपाट रान! खाली पाचट, वर दोन बगळे.

"इथंच होती हो!" मी म्हणालो. खरंच म्हणालो.

नानांनी शांतपणे विचारलं, "तुमी इमान कवा उडिवलासा?"

"दिवाळीत."

"तवा हितं ऊस हुता की, दोन पुरुष उंच! आन् तुमची ती निळी रेघ, ती माजी गाडीवाट."

"मग… टेकडी?"

"ऊसतोडीची टोळी आली, टेकडी तोडली, ती कारखान्याला गेली. साखरबी झाली असंल एव्हाना!"

गाव हसता हसता बांधावर बसलं. मीही हसलो, पण आतून चरकलो. ड्रोनला वरून उसाचे शेंडेच दिसतात; उभं पीक उंचीतून वजा करायचं असतं, ते मी विसरलो होतो. शेड तिथं झाली असती, तर म्हशी पुराच्या तोंडीच बांधल्या असत्या ना!

नानांनी जागा दाखवली, शाळेमागचा माळ. पीक वजा करून मी नकाशा पुन्हा काढला. गावात सगळ्यात उंच तोच निघाला.

पावसाळ्यात पूर आला आणि नानांचा फोन. "पावणं, म्हसरं शेडमदी कोरडी हायती. काळजी करू नगासा. तुमच्या टेकडीवर तेवढं छातीएवढं पाणी हाय."

मी म्हटलं, "नाना, आता तरी विसरा की ती टेकडी!"

"इसरू कशी? खोडवा ठेवलाय, त्याच बुडख्यांना नवा ऊस फुटलाय. जगला तर दिवाळीला टेकडी परत उभी ऱ्हाती. या बघायला. पर औंदा ड्रोन नगं, कोयता घिऊन या!"