भर सभेत उठणारा

दर्यापूरच्या आमच्या शाळेत ताथोड सर महाकाव्यातील मैत्रीचा पाठ दरवर्षी एका प्रयोगाने सुरू करीत. एका विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करायचे आणि इतरांना एक मिनिट त्याला हसायची मुभा द्यायची. सर मनगटावरचे घड्याळ पाहत. त्या मिनिटात त्याच्या बाजूने कोणी उठले नाही, तर ते फळ्यावर मोठे शून्य काढीत. नववीत फळ्यापाशी मी उभा होतो. माझ्या उसवलेल्या सदऱ्याला वर्ग मिनिटभर हसला. शून्य माझ्या डोक्याशेजारीच काढले गेले.

मग सर शिकवीत. भरल्या सभेत ज्याचे कुळ काढले गेले, त्या योद्ध्यासाठी एक राजपुत्र उठला, त्याने त्याला राज्य दिले, आणि त्या क्षणापासून तो माणूस दुसराच झाला. शेवटी त्यांचे ठरलेले वाक्य येई, "सभा हासते तवा जो उठते, तो मित्र. बाकी निरे सोबती." हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई.

सरांचे मित्र एकच, चित्रकलेचे वानखडे सर. वीस वर्षे दोघे एका डब्यात जेवले. पुढे मी त्याच शाळेत गणित शिकवू लागलो, तोवर वानखडे सरांचा हात कापू लागला होता. शिक्षकांच्या सभेत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "वानखडे, जरा गोल काढून दाखवा बरं!"

त्यांनी फळ्यावर काढला.

"हा गोल हाय का वांगं?"

सभा खदखदली. वानखडे सरांनी वळून ताथोड सरांकडे पाहिले. मुख्याध्यापक कोण, हे त्याच महिन्यात अध्यक्ष ठरवणार होते. ताथोड सर हसले. आम्ही सारेच हसलो. वानखडे सरांनी त्या दिवशीच राजीनामा दिला. पद ताथोड सरांना मिळाले. प्रयोग मात्र त्यांनी पुन्हा केला नाही.

निवृत्तीनंतर अकोल्यात सरांना अर्धांगवायू झाला. मी भेटायला गेलो, तेव्हा वानखडे सर आधीच त्यांच्या पलंगावर बसलेले होते.

"तू... आला?" सरांचे डोळे भरले.

"न येऊन कसं चालन बे? मित्र हाओ ना मी तुया!" वानखडे सरांनी खिशातून पेन्सिल काढली, सरांच्या ढिल्या बोटांत बसवली आणि समोर वही धरली. "ताथोड, जरा गोल काढून दाखव बरं!"

रेघ थरथरत वहीबाहेर गेली. वानखडे सर हसू लागले. थांबेनात.

सरांनी मोठ्या कष्टाने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मी खुर्चीतून उठलो नाही.